वहिनी, मी खरंच हरलो होतो

वहिनी, तुम्ही गेल्यापासून मी रोज कोणाशी ना कोणाशी भांडतो आहे. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर बसलेली माणसं, दादा भिंतीला टेकून. भेटायला आलेला प्रत्येक जण आधी दादाजवळ बसतो, मग उठताना माझ्याकडे वळतो, खांद्यावर हात ठेवतो आणि आवाज उतरवून म्हणतो, "राजूभाऊ, जाता जाता तिले लय आनंद देला तुमी. जिंकू देलं. एवढं मोठं मन कोनाचं असते?"

माझं डोकं फिरतं. दुःखाच्या घरी आवाज चढवू नये हे मला कळतं. पण जिंकू दिलं म्हणे! तुम्हाला! परवा तुमच्या शाळेचे हेडमास्तर हेच बोलले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि तिथे पाऊण तास वाद घातला. निघताना ते म्हणाले, "तुमचा नम्रपणा घेण्यासारखा आहे." माझ्या अख्ख्या आयुष्यात मला नम्र म्हणणारा हा पहिला माणूस. तुम्ही असतात तर पदर तोंडात कोंबून हसला असतात.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना ठाऊक व्हावं म्हणून, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती म्हणून.

क्लबात आधी मी गेलो होतो, हे तुम्हीही कबूल कराल. अमरावतीतले आम्ही दहा-बारा हौशी: एक दातांचे डॉक्टर, दोन डाळमिलवाले, एक कोचिंग क्लासवाला, आणि पाटबंधारे खात्यातला मी. हरभरा निघाला की कोणाचं तरी मोकळं वावर मागून घ्यायचं, नारिंगी कोन मांडून वाकडीतिकडी वाट आखायची आणि एकेकानं गाडी घेऊन त्या वाटेनं सुटायचं. टीव्हीवर दिसतात तशा गाड्या एकमेकींना घासत नाहीत इथे. एका वेळी एकच गाडी, आणि तिची झुंज घड्याळाशी. कोन पडला की वर सेकंद चढतात. ज्याची वेळ कमी तो जिंकला. एवढीच शर्यत.

तुम्ही आलात त्या फक्त भाकरीचा डबा घेऊन. दादा सोबत होता. बाभळीखाली छत्री उघडून बसलात आणि माझी फेरी पाहिलीत. मी गाडीतून उतरलो, अंगावर धूळ, छाती फुगलेली. तुम्ही डबा उघडता उघडता म्हणालात, "भाऊजी, वळनात गाडीसंगं भांडता काहून? तिले वळू द्या ना."

मला राग आला होता. गाडी माझी, हेल्मेट माझं, आणि शिकवतं कोण, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवणारी बाई! पुढच्या शर्यतीला तुम्ही नाव दिलंत. त्याच गाडीवर, आपल्या पांढरीवर. एका गाडीवर दोघांनी नाव देता येतं, मधे फक्त उतरायला-चढायला वेळ लागतो, हा नियम मीच तुम्हाला सांगितला होता. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्या दिवशी तुम्ही मला हरवलंत. आणि मग दर वेळी. तेच इंजिन, तेच टायर, तेच पेट्रोल. दुसरे लोक हरले की गाडीला नावं ठेवतात, टायरला ठेवतात, मेकॅनिकला ठेवतात. मला तीही सोय नव्हती.

नंतर कळलं की हे सगळं धामणगावचं. तुमच्या वडिलांची मॅटाडोर होती, कापसाची. भरलेली मॅटाडोर जिनिंग मिलच्या फाटकातून उलटी आत घालायची, दोन्ही बाजूला वीतभर जागा, हे तुम्ही कॉलेजात जायच्या आधी शिकला होतात. म्हातारे शेजारी बसत नसत, समोर उभे राहून नुसते पाहत. मग तुमचं डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं आणि नवरा मिळाला आमचा दादा. रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवणारा, स्पीडब्रेकर दिसला की कोसभर आधीच गिअर उतरवणारा. इतकी वर्षं तुम्ही डावीकडच्या सीटवर बसलात. बाकीच्यांच्या बायका तिथे बसून पायानं खोटा ब्रेक दाबतात. तुम्ही खोटा ॲक्सिलरेटर दाबायचात. मी मागे बसून पाहिलं आहे.

दादानं मात्र तुम्हाला कधी अडवलं नाही, हे त्याचं मोठेपण. तो प्रत्येक शर्यतीला यायचा, पाण्याच्या बाटल्या घेऊन. फक्त तुमची फेरी सुरू झाली की वाटेकडे पाठ करून उभा राहायचा. शेजारच्याला विचारायचा, "झालं का? उलटली तं नाई ना?"

आणि ते सड्याचं. त्याचा निकाल लागलाच नाही आपला. पुण्या-नाशिकचे ड्रायव्हर पहिल्यांदा आपल्याकडे येणार होते, आणि तुम्ही सकाळी लवकर टँकर बोलावून अख्ख्या वाटेवर पाणी शिंपडून घेतलंत. काळ्या मातीवर! ज्या मातीत ओल्यानं बैल पाय टाकायला मागे-पुढे पाहतो, तिथे! पहिलीच गाडी चार वळणं गेली आणि चिखल चाकांत भरून चारही चाकं भाकरीच्या गोळ्यासारखी झाली. पाहुणे उभे, गाडी उभी, शर्यत दुपारपर्यंत उभी. शेवटी ट्रॅक्टरला फाळकं लावून वरची ओल खरवडून काढली तेव्हा कुठे सुरुवात झाली. मी तुम्हाला म्हटलं, "वहिनी, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या नसलात म्हणून काय झालं, इथल्याच ना?" तर तुम्ही हाताची घडी घालून, "पाहुने येऊन राह्यले तं सडा टाकाच लागते. धुरळा खाऊ घालाचा का त्याइले?" वर वर्षभर तेच. मी कितीदा म्हटलं, चूक झाली म्हणा. नाही म्हणालात. आता मीच म्हणतो, चूक झाली होती. पाहुणे मात्र दर वर्षी परत आले, हेही खरं.

दुसरा वाद पहिलं कोणी जायचं याचा. कोरड्या काळ्या मातीत पहिल्या गाड्यांना मोकळा धुरळा लागतो, चाक घसरतं. जसजशा गाड्या जातात तसतसा धुरळा बाजूला होतो, खाली घट्ट, चोपडी वाट निघते. शेवटी जाणाऱ्याचा फायदाच फायदा. आपल्या दोघांत दर वेळी तुम्ही आधी, मी नंतर. "मी मोठी वहिनी आहो. पयला मान माया." मी म्हणायचो, एकदा उलट करून पाहू. तुम्ही हेल्मेट चढवून मोकळ्या. मला तेव्हा वाटायचं हा तुमचा तोरा आहे. आता सगळे मला "सवलत दिली, सवलत दिली" म्हणून छळतात तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसते, वहिनी. सवलत दिलीच असेल कोणी, तर ती तुम्ही मला देत होतात. दर वेळी. आणि त्यावरही जिंकत होतात.

मग रिपोर्ट आले. नागपूरच्या चकरा, केमो, घरात फिनाइलचा वास. तुमचे केस गेले. त्या काळात दादा स्वयंपाक शिकला आणि तुम्ही त्याचं वरण नावाजायला शिकलात, हे तुम्हाला जास्त अवघड गेलं असेल असं मला वाटतं. मी यायचो तेव्हा तुम्ही तब्येतीचं बोलूच द्यायच्या नाहीत. क्लबात कोण आलं, कोणाची गाडी बिघडली, अकोल्याची शर्यत कधी आहे. केस परत यायला लागले, बोटभर झाले, आणि तुम्ही कपाटातून हेल्मेट काढून घालून पाहिलंत. आरशासमोर मान हलवलीत आणि म्हणालात, "पाहा, आता कसं बराबर बसते."

अकोल्याच्या शर्यतीच्या आठ दिवस आधी दुसरे रिपोर्ट आले. ते पहिल्यापेक्षा वाईट होते. दादाला वाटलं आता नाव काढून घ्याल. डॉक्टरांना तुम्हीच विचारलंत. त्यांनी विचारलं, किती वेळ चालवायची? तुम्ही म्हणालात, दीड-दोन मिनिटं. ते म्हणाले, "मग चालवा." त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

तो दिवस तुम्हाला आठवतच असेल, पण मला सांगू द्या. अकोल्याच्या बाहेरचं ते वावर, तुरीच्या काड्या अजून बांधाला रचलेल्या. गाडीपर्यंत तुम्ही माझा हात धरून आलात. चालताना तुमचा श्वास लागत होता. सीटवर बसलात, बेल्ट ओढलात, स्टिअरिंगवर हात ठेवलेत, आणि श्वास लागायचा थांबला. मी खिडकीशीच होतो. मी पाहिलं ते.

तुम्ही सुटलात. मी तुमच्या इतक्या फेऱ्या पाहिल्या वहिनी, तशी नाही पाहिली. पांढरी आवाज करत नव्हती, नुसती जात होती. पहिल्या वळणात मागचा भाग हलकेच बाहेर आला आणि आपणहून आत गेला. बांधाजवळच्या आडव्या वळणावर सगळ्यांचे कोन पडत होते, तुम्ही कोनाला हवा लावून गेलात, तो नुसता हलला आणि उभा राहिला. लोक ओरडायचे थांबले. एकटा दादा, वाटेकडे पाठ करून, "झालं का? झालं का?" विचारत होता आणि त्याला सांगायला कोणाला फुरसत नव्हती.

वेळ जाहीर झाली. पुणे, नाशिक, नागपूर, सगळे मागे. आता फक्त एक माणूस उरला होता जो तुम्हाला मागे टाकू शकत होता, आणि तो मी. यादीत शेवटचा. गाडी तापलेली, वाट साफ झालेली.

मी गाडीत बसलो. आणि आता ते, जे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही पाणी पीत होतात तेव्हा दादा खिडकीशी आला. आत वाकला. म्हणाला, "राजा, जाऊ दे. एवढ्या बारीनं हळू जाय. तिचं शेवटचं आहे रे." आयुष्यात त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. तिकडे दोरीमागे क्लबातले लोक हाताचे पंजे खाली दाबून खुणा करत होते: हळू, हळू. सगळ्या वावराचं एकमत झालं होतं.

दादा बाजूला झाला आणि तुम्ही आलात. माझा बेल्ट ओढून पाहिलात, आणि बोटभर केसांचं ते डोकं खिडकीत घालून म्हणालात, "भाऊजी, ब्रेक मारला की मांगचा लाल दिवा लागते. मी मांगूनच पाहून राह्यली. जिथं लागला नाई पायजे तिथं लागला, तं याद राखा."

दादाचं बोलणं तुम्ही ऐकलं नव्हतं. पण तुम्ही माणसं ओळखत होतात.

वहिनी, मी पुरी दाबली. शपथेवर सांगतो, मी माझ्या जन्मात तेवढी जोरात गाडी चालवली नाही. रडत होतो की घामानं डोळे चुरचुरत होते ते माहीत नाही, पण पाय खाली होता. पहिल्या वळणात ब्रेक नाही. दुसऱ्यात तुम्ही जसा लावायचात तसा, स्पर्श केल्यासारखा. तुमचं "तिले वळू द्या" इतक्या वर्षांनी मला त्या दिवशी समजलं, हातांना समजलं. बांधाजवळच्या वळणावर मी तुमच्याही पुढे एक पाऊल गेलो, ब्रेक मारलाच नाही. गाडी दोन चाकांवर झाली, परत चारांवर बसली. कोन एकही पडला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मला वाटलं, आज हरवलं. आज या बाईला हरवलं! आणि मला आनंद झाला. लाज नाही वाटली, आनंद झाला. तुम्हाला तो समजला असता.

माझी वेळ जाहीर झाली. अर्ध्या सेकंदानं मी मागे होतो.

वावर पेटलं. ढोलवाल्यांना कोणी बोलावलं नव्हतं तरी कुठून तरी ताशा वाजायला लागला. तुम्ही वेळ वाचणाऱ्याला म्हणालात, "पुन्ना एकडाव वाचा ना." त्यानं वाचली. "माया नावासकट वाचा." त्यानं नावासकट वाचली. मग मला बोलावून त्याच्याकडून माझीही वाचून घेतलीत, सगळ्यांसमोर. चषक प्लास्टिकचा होता, सोनेरी रंग बोटांना लागत होता. तुम्ही पांढरीच्या बॉनेटवर बसून फोटो काढलात, पाय हलवत, जत्रेतल्या पोरीसारखं. माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणालात, "दिवा नाई लागला. पाह्यलं मी." माझ्यासाठी चषक तोच होता.

आणि मग लोक माझ्याकडे यायला लागले. दातांच्या डॉक्टरांनी मिठी मारली. डाळमिलवाल्यानं डोळा मारला. मला आधी कळेना. मी म्हटलं, अरे हरलो मी, बेदम हरलो. "हो हो," म्हणाले आणि पुन्हा डोळा मारला. परत येताना तुम्ही मागच्या सीटवर झोपला होतात तेव्हा मूर्तिजापूरला चहा घ्यायला थांबलो. दादानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुये उपकार फिटनार नाईत." मी म्हटलं, "दादा, मी पुरा जोर लावला होता रे." तो म्हणाला, "असंच सांगत जाय. तिच्यासमोर तं असंच सांगत जाय."

ज्या माणसाला फेरी पाहायची हिंमत नव्हती, त्याला ती कशी पटवून द्यायची? त्यानं पाठ केली होती. त्यानं पाहिलंच नव्हतं.

तुमच्यासमोर मी हे काढलं नाही. एकदा तुम्ही पलंगावरून विचारलंत, "लोक काय म्हनतात भाऊजी, माया चषकाबद्दल?" मी म्हटलं, "जळतात." तुम्ही हसलात आणि कुशीवर वळलात. पुढे बोलायला दिवस उरले नव्हते. चषक दादानं कपाटावर ठेवला होता, पण आल्यागेल्याला कधी दाखवला नाही. त्याला तो चोरीचा वाटत होता, वहिनी. तुमच्यावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला तुमची सगळ्यात मोठी जीत खोटी वाटत होती. मला झोप लागू देत नव्हतं ते हे.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. अंगणात मांडव, पांढरे कपडे, तुमचा फोटो. पहिल्या रांगेत खुर्चीवर धामणगावचे तुमचे वडील, काठीवर दोन्ही हात, टक लावून फोटोकडे पाहत. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण बोलायला उठला. शाळेतल्या बाई फार छान बोलल्या. मग क्लबातले आपले डॉक्टर उठले. तुमच्या हसण्याबद्दल बोलले, सड्याबद्दल बोलले, लोक ओलसर हसले. आणि शेवटी म्हणाले, "आणि राजूभाऊंचा त्याग आपण विसरू शकत नाही. ती शेवटची शर्यत..."

मी उभा राहिलो. बोलायचं ठरवलं नव्हतं.

"त्याग गेला खड्ड्यात!" मी म्हटलं. भंतेजींसमोर. "मी हरलो. मी ब्रेक न मारता बांधाचं वळण घेतलं, गाडी दोन चाकांवर गेली, तुम्ही सगळे तिथं होते, पाह्यलं नाही काय? कोणी दोन चाकांवर जाऊन हरते का मुद्दाम? वाट साफ होती, फायदा माझा होता, तरी त्या बाईनं मला हरवलं. अर्ध्या सेकंदानं. आजारी असताना. तुमाले तिची दया येत होती म्हणून तुमाले दिसलं नाही. मी दया केली नाही. तिनं मले सांगितलंच नव्हतं दया कराले."

माझा आवाज फाटला. मी खाली बसलो.

दादा भिंतीपासून उठला. माझ्याकडे आला. "राजा," तो म्हणाला, "मी तुले हळू जा म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. मी ऐकलं नाई."

"खरंच नाई ऐकलं?"

"आईची आन."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला, वहिनी. तुम्ही गेल्यापासून खाली पडलेले खांदे वर आले. तो मांडवाकडे वळला आणि ज्या माणसाचा आवाज आम्ही घरातही कधी चढलेला ऐकला नाही तो म्हणाला, "ऐकलं का तुमी? मायी बायको जिंकली होती. खरी जिंकली होती!"

आधी मागून एक टाळी पडली. मग सगळा मांडव. पुण्यानुमोदनात टाळ्या, कोणी ऐकलं नसेल कधी, पण पडल्या, आणि थांबेनात. भंतेजीही हसत होते. डॉक्टर डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. मी सगळ्यात जोरात वाजवत होतो.

त्या गलक्यात दादा तुमच्या वडिलांसमोर जाऊन खाली बसला. त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून, म्हाताऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मामाजी, शीला खरंच जिंकली होती."

म्हाताऱ्यांनी फोटोवरची नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मंग?" ते म्हणाले. "तुमाले शक होता का, जवाईबुवा?"